इलियम की इलियम? एका डिस्चार्ज टायपिस्टच्या स्पेलिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

मिरजेत दवाखाने किती, हे स्टेशनवर एकदा उतरलेल्या माणसालाही सांगावं लागत नाही. त्यातल्याच एका मध्यम आकाराच्या खासगी हॉस्पिटलात वैशाली (नाव बदललं आहे) डिस्चार्ज समरी टाइप करते. वय अडतीस, शिक्षण बी.कॉम., सगळं मराठी माध्यमातून. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. ती त्याच्या आधीची, पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवलेली. इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा मात्र पहिल्या झटक्यात पास झालेली, त्यामुळे बोटं झरझर चालतात.

कामाची रीत अशी: डॉक्टर राउंड संपवून मोबाइलवर व्हॉइस नोट टाकतात. वैशाली ती ऐकून समरी टाइप करते, प्रिंट काढून सहीला ठेवते. पेशंट कॅशलेसवाला असेल तर सही झालेली समरी विम्याचं काम बघणाऱ्या टीपीएकडे अपलोड होते. तिकडून मंजुरी आली की पेशंट घरी.

मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. तिची आठवीतली मुलगी माझ्याकडे शिकवणीला येते, ओळख तिथली.

अडचण

एका पेशंटच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दुखणं होतं. डॉक्टर व्हॉइस नोटमध्ये म्हणाले, ‘टर्मिनल इलियम’. वैशालीने आय-एल-आय-यू-एम असं टाइप केलं. आतडं असतं ते आय-एल-ई-यू-एम. आय-एल-आय-यू-एम म्हणजे कमरेचं हाड. कानाला दोन्ही इलियमच. डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली. टीपीएने प्रश्न पाठवला की रिपोर्ट आतड्याचे आहेत, मग समरीत हाड कुठून आलं? दुपारी सुटणारा पेशंट रात्री नऊला सुटला. तोवर नातेवाइकांनी काउंटर डोक्यावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅनेजरला म्हणाले, “समरीला इंग्लिश मीडियमची एखादी मुलगी बघू या का?” वैशाली तिथेच उभी होती.

त्या संध्याकाळी मुलीला न्यायला आली आणि दारातच म्हणाली, “बाई, मलाही हिच्याशेजारी बसवा. मला स्पेलिंग येत नाही.”

मी तिला चुकलेले शब्द आणायला सांगितले. ती समरीचे झेरॉक्स घेऊन आली. ते मी न बघता परत दिले. पेशंटचे कागद माझ्या घरात येण्याचं काही कारण नव्हतं. पुढच्या वेळी तिने एका चिठ्ठीवर नुसते शब्द उतरवून आणले. ‘सेपरेट’मध्ये पी नंतर ई. ‘ऑकर्ड’मध्ये (‘घडलं’ या अर्थाचा) एकच आर. ‘रिसीव्हड’मध्ये सी नंतर आय-ई. ‘ॲडव्हाइज्ड’मध्ये एस ऐवजी सी. ‘हॅमरेज’मधला एच गायब. आणि ‘व्हीलचेअर’ चक्क व्ही-एच पासून सुरू.

समोर असलेले पर्याय

तिच्या मनात स्पेलिंगचं पुस्तक आणून रोज पंचवीस शब्द पाठ करायचे होते. नणंदेने स्पोकन इंग्लिशचा क्लास सुचवला होता, फीही विचारून ठेवली होती. क्लासचा विचार मी लगेच बाजूला काढला. बोलणं सुधारून स्पेलिंग सुधारत नाही, आणि इलियमच्या बाबतीत तर उच्चार अगदी बरोबर असल्यामुळेच घोटाळा झाला होता.

तिसरा पर्याय कॉम्प्युटरचा. स्पेलचेक असताना एवढ्या चुका राहतातच कशा, हे मला कळेना. तिने सांगितल्यावर कळलं. हॉस्पिटलच्या मशीनवर तपासणीची भाषा अमेरिकन इंग्रजी होती. डॉक्टरांना हवं ब्रिटिश पद्धतीचं, म्हणजे ‘ॲनिमिया’ ए-ई घालून, ‘इडिमा’ ओ-ई ने सुरू होणारा. हे बरोबर शब्द मशीन लाल करायचं. वैशालीने ते मशीनच्या सांगण्यावरून बदलले की डॉक्टर पेनाने पुन्हा ए-ई घालायचे. दोन-चारदा असं झाल्यावर तिने लाल रेघेवर विश्वास ठेवणं सोडलं, आणि रेघ दिसली की ‘ॲड टू डिक्शनरी’ दाबायला लागली. मशीनच्या कोशात तिच्या चुका मानाने जाऊन बसल्या होत्या. तिथून पुढे त्या चुकांना लाल रेघ येणंच बंद झालं.

आणि स्पेलचेक अगदी नीट चालला असता तरी इलियम सुटलंच असतं. दोन्ही शब्द खरे आहेत. मशीन शब्द खरा आहे का एवढंच बघतं, तिथे तो हवा होता का ते बघत नाही.

चौथा पर्याय माझ्या मनात होता, तिला लगेच बोलले नाही. ही अध्ययन अक्षमता तर नसेल? मी तिचं मराठी पाहिलं. ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक बरोबर, वाचन सरसर. पण देवनागरीसारख्या लिपीत, जिथे अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात, डिस्लेक्सिया चुकांमधून कमी आणि वाचनाच्या मंद वेगातून जास्त दिसतो. म्हणून तिला वर्तमानपत्राचा एक अनोळखी मजकूर मोठ्याने वाचायला लावला. कुठे अडली नाही. तिथे थांबले. अडली असती तर शिकवणी बाजूला ठेवून तिला तज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

शेवटी ठरलं ते असं: तिने मशीनच्या कोशातले स्वतः घातलेले शब्द पुसायचे, तपासणीची भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ करून घ्यायची, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा तास माझ्याकडे बसायचं.

पहिले तीन आठवडे वाया कसे गेले

हे प्रकरण लिहिताना सगळ्यात अवघड भाग हाच. चूक माझी होती.

तीस वर्षं वर्गात जे केलं तेच मी केलं: नियम सांगितले. ‘आय आधी, ई नंतर, पण सी च्या मागून उलटं.’ वैशालीने तो पाठ केला. ‘रिसीव्ह’ सुधारलं, ‘रिसीट’ सुधारलं. आठवड्याने हसत आली. डॉक्टरांनी ‘व्हिटॅमिन डेफिशियन्सी’वर लाल गोल काढला होता. तिने नियम पाळून सी नंतर ई-आय लिहिलं होतं. वर ‘प्रोटीन’मध्ये सी नसतानाही ई-आय येतं, ते कसं, असंही विचारलं.

खरं म्हणजे तो नियम ‘ई’ असा लांब आवाज असेल तेव्हाच लागतो, आणि तेव्हाही प्रोटीनसारखे शब्द त्याला जुमानत नाहीत. वर्गात हे खपून जातं. हॉस्पिटलात डेफिशियन्सी आणि प्रोटीन रोज टाइप करावे लागतात.

त्याच काळात तिने एकेक शब्द वीस वेळा लिहिण्याचाही सपाटा लावला होता. वही बघितली तर शाळेतली पोरं करतात तेच. आधी वरून खाली सगळे आर, मग सगळे ई, मग सगळे सी. हात कामाला, डोकं सुट्टीवर.

चुकांची वही

चौथ्या आठवड्यात मी तिच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या आणि शब्दांऐवजी चुकांकडे बघत बसले. पन्नाससाठ चुका होत्या, पण प्रकार मोजून पाच, आणि बहुतेक देवनागरीच्या वाटेने आलेले.

पहिला प्रकार व्ह. आपण ‘व्हॅन’ लिहितो, ‘व्हील’ही लिहितो. इंग्रजीत एक व्ही ने, दुसरा डब्ल्यू-एच ने. वैशालीच्या डोक्यात शब्द आधी मराठीत उमटायचा आणि मग त्या मराठीचं इंग्रजी व्हायचं. व्हीलचेअरचा व्ही-एच तिथून आला.

दुसरा प्रकार जोडाक्षराचा. मराठीत ‘पक्का’ म्हटलं की दोन क ऐकू येतात, म्हणून लिहिले जातात. इंग्रजीत ‘कमिटी’मध्ये दोन एम, दोन टी, दोन ई आणि कानाला एकही जोडी नाही.

तिसरा क. सी, के, सीएच, क्यू, चौघांनाही आपल्याकडे एकच अक्षर. चौथा ए-ई आणि ओ-ई चा, तो निम्मा मशीनमुळेच होता. पाचवा सगळ्यात चिवट: शब्दाच्या मधला पुसट ‘अ’. ‘सेपरेट’, ‘हॉस्पिटल’, ‘मेडिसिन’ बोलताना मधला स्वर इतका मिटतो की तो ए, ई, आय की ओ, हे कानाला सांगता येत नाही.

पाच रकाने आखले. नवी चूक झाली की ती योग्य रकान्यात टाकायची, एवढाच गृहपाठ. आठवडाभरातच ती स्वतःहून म्हणायला लागली, “बाई, ही व्हवाली आहे.” तिच्या दृष्टीने ‘मला स्पेलिंग येत नाही’ तिथे संपलं आणि ‘मला पाच गोष्टी येत नाहीत’ सुरू झालं. मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत मोठा टप्पा हाच. शिकवणं त्याच्या नंतरचं.

शब्दांची घराणी

पुसट ‘अ’ ला कानाने पकडता येत नाही, पण त्याच्या नातेवाइकाला पकडता येतं. ‘हॉस्पिटल’च्या शेवटी ए-एल की ई-एल? ‘हॉस्पिटॅलिटी’ म्हणून बघायचं, ए खणखणीत ऐकू येतो. ‘फेटल’ला ‘फेटॅलिटी’, ‘मेंटल’ला ‘मेंटॅलिटी’. ‘मेडिसिन’मधला आय ‘मेडिसिनल’मध्ये तोंड वर काढतो. ‘मसल’मधला मुका सी ‘मस्क्युलर’मध्ये बोलायला लागतो.

वैद्यकाचे ग्रीक शब्द तर याहून सरळ निघाले. ‘हॅमरेज’, ‘डायरिया’, ‘ॲरिदमिया’, ‘सिरॉसिस’ या चौघांत आर-आर-एच हा तुकडा आहे. अर्थाने सगळे सख्खे नाहीत, पण लिहिण्यापुरते एका घरातले. ‘फ’ ऐकू आला आणि शब्द ग्रीक असला तर बहुतेक पी-एच. ‘फीव्हर’, ‘फ्रॅक्चर’, ‘फीमर’ यांचा एफ वेगळ्या घराण्यातला. ‘क्रॉनिक’, ‘ब्रॉन्कायटिस’चा क म्हणजे सी-एच. ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’त पी-एच-टी-एच असा गुंता आहे आणि आपण ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’ म्हणत असल्यामुळे पहिला एच तोंडातच गळतो. ज्या शब्दांना ती सगळ्यात जास्त घाबरायची तेच आधी सुटले. ‘ऑकर्ड’ आणि ‘सेपरेट’ यांनी जास्त छळलं.

ऑकर्डची गोष्ट अशी. ‘ॲडमिट’ला ईडी लावला की टी दोन होतात, ‘रेफर’ला लावला की आर दोन होतात, पण ‘व्हॉमिट’ला लावला तर टी एकच आणि ‘सफर’ला लावला तर शेवटचा आर एकच. कारण उच्चाराचा जोर. तो शेवटच्या भागावर असेल तर अक्षर दुप्पट होतं, आधीच्या भागावर असेल तर नाही. मराठीत असा जोर अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो ऐकायची सवयच नसते. मग टेबलावर बोट आपटून म्हणायचं: ॲड-मिट, बोट दुसऱ्यावर. व्हॉ-मिट, बोट पहिल्यावर. ‘रेफर्ड’ला दोन आर आणि ‘रेफरन्स’ला एकच, कारण जोर पहिल्या भागावर सरकतो. हे जमायला दोन आठवडे लागले, आणि त्या काळात हॉस्पिटलच्या काउंटरवर टकटक करते म्हणून तिला बोलणीही बसली.

‘ॲडव्हाइस’चा गुंता एका ओळीत सुटला: सल्ला हे नाम, त्यात सी, सल्ला देणं हे क्रियापद, त्यात एस.

एकदा ती वैतागून म्हणाली, “रिसीटमध्ये पी कशाला? कुणी म्हणत नाही, कुणाला लागत नाही.” मी तिला खरं ते सांगितलं. तो पी पूर्वी नव्हता. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे हे दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसवला. ‘नी’मधला के मात्र एके काळी खरंच उच्चारत असत, जर्मनमध्ये गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतात. 1476 साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरमध्ये इंग्लंडातला पहिला छापखाना घातला, पुढे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली आणि बोलणं मात्र बदलतच राहिलं. ती म्हणाली, “म्हणजे घोळ त्यांचा, निस्तरायचा मी!” मग आपणही ‘सिंह’ लिहून ‘सिंव्ह’ म्हणतो, ‘ज्ञान’ लिहून ‘द्न्यान’ म्हणतो, हे तिला दाखवलं. त्यावर ती थोडी गप्प झाली.

रोजचा सराव

दिवसाला पाचच शब्द. बघायचा, म्हणायचा, झाकायचा, लिहायचा, ताळा करायचा. लिहिताना बघणं बंद. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग आठव्या, मग महिन्याने पुन्हा. सांगलीहून मिरजेला येताना वडापमध्ये, म्हणजे शेअर गाडीत, हे व्हायचं, कागद पर्सच्या आड धरून.

जे शब्द कुठल्याच घराण्यात बसत नाहीत त्यांच्यासाठी शाळेतली जुनी युक्ती: लिहिलंय तसं मराठीत वाचायचं. नॉलेजचं ‘कनवलेडगे’, वेन्सडेचं ‘वेडनेसडे’. लहानपणी ‘लेफ्टनंट’ आपण सगळ्यांनीच ‘लाय यू टेन अँट’ करून पाठ केला आहे. मी शिक्षिका असताना या प्रकाराला नाक मुरडत असे. आता मुरडत नाही.

डिक्टेशन मुलगी घालायची. पहिल्याच दिवशी ती आईच्या चुकांवर खिदळली आणि वैशालीने वही मिटून टाकली. दोन दिवस सराव बंद. मी वाटणी बदलली: आई मुलीला मराठी शुद्धलेखन घालणार, मुलगी आईला इंग्रजी. सेमी-इंग्लिशमधल्या मुलीचं मराठी बघितल्यावर हसण्याची पाळी आईची आली.

हॉस्पिटलातला निर्णय

दहाव्या आठवड्यात मी तिला म्हटलं, “अगं, डॉक्टरांशी बोल.” ती तयार नव्हती. चूक कबूल केली की नोकरी जाईल ही भीती. पण इलियमवर दुसरा उपाय नव्हता. कितीही स्पेलिंग शिकली तरी ध्वनीवरून ती आतडं आणि हाड ओळखू शकणार नव्हती. संदर्भावरून ओळखायचं तर ते वैद्यकाचं ज्ञान झालं.

तिने एक कागद तयार केला. त्यावर ऐकायला सारख्या किंवा जवळच्या जोड्या: इलियमची, ‘डिसफेजिया’ (गिळायला त्रास) आणि ‘डिसफेझिया’ (बोलण्याचा दोष), ‘ॲबडक्शन’ आणि ‘ॲडक्शन’, ‘पॅल्पेशन’ आणि ‘पॅल्पिटेशन’, ‘हायपर’ आणि ‘हायपो’. डॉक्टरांना विचारलं, “सर, हे शब्द आले की नोटमध्ये मराठीत एक शब्द जोडाल का? आतडं, हाड, एवढंच?” डॉक्टर म्हणाले, “हे आधी का नाही सांगितलंस?” आता ते म्हणतात, ‘टर्मिनल इलियम, आतड्याचं.’ कागद कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर चिकटवला आहे.

निकाल

साडेचार महिन्यांनी मी तिला तिच्याच जुन्या चुकांमधले पन्नास शब्द घातले. सुरुवातीला याच यादीत एकोणीस बरोबर आले होते, आता त्रेचाळीस आले. समरीवर पेनाच्या दुरुस्त्या कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. दुसऱ्या मुलीचा विषय पुन्हा निघाला नाही. पगार वाढलेला नाही. डॉक्टर अजूनही कधीकधी न वाचताच सही करतात.

पुन्हा करायचं झालं तर

डॉक्टरांशी बोलणं दहाव्या आठवड्यात नको, पहिल्या दिवशी हवं होतं. संकट ज्या शब्दाने आलं तो शिकवणीने सुटणारा नव्हताच, आणि ते मला इलियम ऐकलं तेव्हाच दिसायला हवं होतं. मी शिक्षिका, त्यामुळे प्रत्येक चूक मला शिकवण्याची जागा वाटली.

मशीनचा कोशही तिने पुसला असं धरून मी चालले. प्रत्यक्षात तिने निम्मेच शब्द काढले होते, कारण उरलेले चुकीचे आहेत हे तिला तेव्हा ओळखू येत नव्हतं. ते कुणा जाणकाराने शेजारी बसून पुसायला हवे होते. आणि नियमांच्या आधी चुकांची वही. तीन आठवडे वाचले असते.

वहीच्या शेवटच्या पानाला वैशालीने ‘नुसतं पाठ’ असं नाव दिलंय. घराण्याने दगा दिलेले शब्द तिथे जातात. ‘ॲब्डोमेन’मध्ये एम नंतर ई पण ‘ॲब्डॉमिनल’मध्ये आय. ‘टॉन्सिल’ला एक एल, ‘टॉन्सिलायटिस’ला दोन. मागच्या आठवड्यात त्यात भर पडली: ‘इन्फ्लेम्ड’ला एक एम, ‘इन्फ्लमेशन’ला दोन. का, म्हणून तिने विचारलं. मी कोश उघडून बसले होते, तेवढ्यात तिने शब्द पानावर लिहून वही पर्समध्ये टाकली. वडाप सुटायची वेळ झाली होती.